काटेरी मारांडी घरात लावावी का?

सदर : घर-अंगण



खाडीकाठच्या वस्तीतून इमारतीत राहायला गेलेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र साधे आहे, पण त्यातला प्रश्न आपल्यापैकी अनेकींच्या घरातला आहे. म्हणून या वेळचे सदर त्या पत्रालाच देत आहे.

ती लिहिते, "आमची झोपडी खाडीच्या कडेला होती. मागच्या दाराला लागून मारांडीचे रान होते. पानांना काटे आणि उन्हाळ्यात निळी फुले. दोन वर्षांपूर्वी वस्ती उठली आणि आम्हाला चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. खोली पक्की आहे, नळ घरात आहे, संडास घरात आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण सासूबाईंचा जीव इथे रमत नाही. दिवसभर गॅलरीत बसून असतात. परवा म्हणाल्या, 'सूनबाई, ती मागची मारांडी आता फुलली असेल गं.' मला वाटले, एका डब्यात मारांडी लावून द्यावी. पण शेजारच्या बाई म्हणाल्या, काटेरी झाड घरात लावले की भांडणे लागतात, घराची बरकत जाते. आमचे हेही म्हणाले, उगीच विषाची परीक्षा कशाला? तर मारांडी घरात लागते का आणि लावावी का, हे कळवावे."

भगिनींनो, यात प्रश्न दोन आहेत. आधी दुसऱ्याचे उत्तर देते. लावावी, अवश्य लावावी.

गुलाबाला काटे असतात. लिंबाला काटे असतात. गुलाबाची कुंडी दारात ठेवताना कोणी भांडणाची भीती घालत नाही. मग तोच काटा मारांडीला आला की अपशकुनी कसा होतो? काटा ही झाडाची राखण आहे. झाडाला पाय नाहीत, ते पळून जाऊ शकत नाही. गुरेढोरे येऊन पाला खाऊ लागली तर त्याने करायचे काय? म्हणून त्याने पानाच्या कडेला काटे उभे केले. त्यात तुमच्या-माझ्या नशिबाचा काही संबंध नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली. शकुन-अपशकुनाचे जुने ओझे त्या दिवशी उतरवायचे होते. ते आपण पुढच्या दाराने बाहेर टाकले आणि वास्तूच्या नावाने मागच्या दाराने पुन्हा आत घेतले, तर काय मिळवले? तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच समजावले होते. केवळ ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, कोणी मोठा माणूस सांगतो आहे, एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानू नका. स्वतः पारखून पाहा. तेव्हा आपणही पारखून पाहावे. घरात भांडण होते तेव्हा त्याला कारण असते. पगार पुरत नाही, इमारतीचा मेंटेनन्स थकला आहे, दारू आहे, एका खोलीत सहा माणसे आहेत. कारणाशिवाय काही घडत नाही, हा तर धम्माचा गाभा. भांडणाचे कारण डब्यातल्या झाडाच्या माथी मारले की खरे कारण तसेच राहते आणि भांडणही तसेच राहते.

मात्र शेजारच्या बाईंशी यावरून वाद घालू नये. त्यांनी जे ऐकले ते सांगितले. झाड फुलले की त्यांना चहाला बोलवा आणि फूल दाखवा.

आता पहिला प्रश्न. मारांडी घरात लागते का?

लागते. पण आधी झाडाची नीट ओळख करून घेऊ. मारांडी हे खाडीच्या चिखलात तिवरांच्या संगतीने वाढणारे झुडूप आहे. उंची साधारण कमरेपासून खांद्यापर्यंत. पाने चिवट, चकचकीत, कडेला दातेरी आणि दात्यांच्या टोकाला काटे. पाने समोरासमोर जोडीने येतात, आणि पानाच्या बेचक्यातही बहुधा काटे असतात. शेंड्याला फुलांचा तुरा येतो. फूल निळे-जांभळे असते आणि त्याची रचना गमतीची असते. वरची पाकळी जवळजवळ नाहीच. सगळे फूल म्हणजे खाली लोंबणारी एक रुंद पाकळी. मधमाश्या, भुंगे आणि इवलेसे शिंजीर पक्षी या फुलांवर येतात. नंतर हिरवी बोंडे धरतात. बोंड वाळले की तडकन फुटते आणि आतल्या चपट्या बिया लांब उडतात. अडुळसा, अबोली आणि कोरांटी ही तिची भावंडे, म्हणजे एकाच कुळातली झाडे आहेत. आपल्यापैकी अनेकींनी अबोली डब्यात वाढवलेली आहे. तिचीच ही चिखलात राहणारी काटेरी बहीण समजा.

मारांडीची खरी करामत तिच्या पानात आहे. खाडीचे पाणी खारे असते. साध्या झाडाला असे पाणी घातले तर ते चार दिवसांत करपून जाईल. मारांडीच्या पानांवर मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. अंगात शिरलेले जादा मीठ त्या ग्रंथी बाहेर टाकतात. उन्हाच्या दिवसांत खाडीवरच्या मारांडीच्या पानावर बोट फिरवले तर पांढरी कणी लागते. तेच ते मीठ. मुलांना खाडीकाठी नेले तर हे जरूर दाखवा. शाळेच्या पुस्तकातला धडा डोळ्यांसमोर उभा राहील.

याचा अर्थ असा नव्हे की घरच्या डब्यात मीठ घालावे. मारांडी खारे पाणी सहन करते, पण तिला ते लागतेच असे नाही. नळाच्या गोड्या पाण्यावर ती चांगली वाढते. तेव्हा मीठ अजिबात घालू नये.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. मारांडीला इंग्रजीत 'सी हॉली' म्हणतात. याच नावाचे दुसरे एक झाड युरोपात समुद्रकाठच्या वाळूत होते. तेही काटेरी आणि निळ्या रंगाचे, पण ते कोथिंबिरीच्या कुळातले आहे. तिकडे लोक ते हौसेने बागेत लावतात. त्याचे मूळ गाजरासारखे खोल जाते, त्याला कोरडी रेती आणि थंडी लागते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसात त्याचे मूळ कुजून जाते. 'सी हॉली' या नावाने बियांची पाकिटे विकत मिळतात ती बहुधा या परदेशी झाडाची असतात. नाव वाचून पैसे घालवू नका.

मग आपली मारांडी आणायची कुठून? हा भाग लक्ष देऊन वाचा. खाडीवर जाऊन रोप उपटून आणू नये, फांदीही तोडू नये. खाडीकाठचे कांदळवन कायद्याने राखलेले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीला मनाई केली. पुढे २०१८ सालच्या निकालात तिवरांचा नाश म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असे स्पष्ट सांगितले. ही घटना बाबासाहेबांच्या हातची आहे. ते कलम जसे आपल्या निवाऱ्यासाठी आपण पुढे करतो, तसेच ते या झाडांसाठीही उभे राहिले आहे.

काहींना वाटेल, मोठमोठे भराव टाकणारे मोकळे सुटतात आणि आम्ही एक फांदी तोडली तर गुन्हा? हा राग खोटा नाही. खाडी बुजवल्याचा ठपका पुष्कळदा झोपडीवाल्यावरच येतो. पण म्हणूनच आपला हात स्वच्छ असावा. शिवाय तिवर आणि मारांडी भरतीचा जोर अडवतात, काठचा चिखल धरून ठेवतात, माशांच्या आणि कोळंबीच्या पिलांना आसरा देतात. पाणी चढते तेव्हा ते आधी सखल भागातल्या वस्तीत शिरते, टेकडीवरच्या बंगल्यात नाही. कांदळवन राखण्यात पहिला फायदा आपला आहे.

रोपासाठी सरळ मार्ग असा. महाराष्ट्राच्या वनखात्यात २०१२ सालापासून कांदळवन कक्ष आहे. त्यांच्या रोपवाटिका असतात. ठाणे खाडीकाठी राहणाऱ्यांना ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र जवळ पडेल. तिथे जाऊन मारांडीचे रोप मिळेल का, किंवा कुठे मिळेल, हे विचारावे. सरकारी दारात जायला संकोचू नये. किंवा ओळखीत कोणाच्या घरी, शाळेत, महाविद्यालयाच्या बागेत लावलेली मारांडी असेल तर त्यांच्याकडून छाटणीच्या वेळी दोन फाटे मागून घ्यावेत. मारांडी फाट्यांपासून सहज लागते.

फाटा लावायला पावसाळ्याची सुरुवात उत्तम. फार कोवळा नको, फार जून नको, पेन्सिलीएवढ्या जाडीचा आणि वीतभर लांबीचा फाटा घ्यावा. त्याला तीन-चार पेरे असावीत. खालची पाने कात्रीने काढून टाकावीत, वर दोनच पाने ठेवावीत. खालची दोन पेरे मातीत जातील असा खोचावा. मुळे पेरातून फुटतात. दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावा आणि माती ओली राहू द्यावी. नवा कोंब दिसू लागला की हळूहळू उन्हात आणावा. एकच फाटा लावू नये, तीन-चार लावावेत. एखादा कुजला तरी बाकीचे हाताशी राहतात. बी मिळाले तर ते ताजे असतानाच पेरावे. ठेवून ठेवून ते उगवत नाही.

डबा कसला घ्यावा? पंधरा लिटरची जुनी प्लॅस्टिकची बादली चांगली. रंगाचा डबा घेणार असाल तर आतला रंग पूर्ण खरवडून, धुऊन, वाळवून घ्यावा. माती चिकण असली तरी चालते. इतर झाडांना जी चोपण माती नको असते, ती मारांडीला आवडते. तीन वाटे पोयट्याची किंवा शेतातली माती, एक वाटा रेती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, असे मिश्रण करावे. बादलीला तळाशी एकच लहान भोक पाडावे, म्हणजे ओल टिकेल आणि पावसाळ्यात जादा पाणी निघूनही जाईल.

पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट काटेकोर पाळा. मारांडीला चिखल आवडतो, म्हणून काहीजणी बादलीत पाणी साचवून ठेवतील. तसे करू नये. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. माती सतत ओली असावी, पण वर पाणी तरंगू नये. डब्याखाली थाळी ठेवली असेल तर तिच्यात रेती भरा, आणि आठवड्यातून एकदा थाळी रिकामी करून घासून कोरडी करा. झाडापायी घरात ताप आला तर शेजारच्या बाईंचे म्हणणे खरे ठरल्यासारखे होईल, आणि त्यात दोष अपशकुनाचा नसून आपल्या आळसाचा असेल.

झाडासाठी वेगळे पाणी खर्चायला नको. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी तिला चालते. भांड्यांचे साबणाचे पाणी आणि कपड्यांचे पावडरचे पाणी मात्र घालू नये. उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात गरजेप्रमाणे, हिवाळ्यात एक दिवसाआड पाणी पुरते. मातीत बोट घालून पाहावे. बोटाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

ऊन निदान चार-पाच तास मिळावे. सावलीतही मारांडी जगते, पण फुलत नाही. सावलीतल्या झाडाची पाने मोठी होतात आणि काटे कमी होतात. घरात रांगते मूल असेल तर एवढे ध्यानात ठेवावे की उन्हातले झाड जास्त काटेरी असते. डबा मुलाच्या हाताला लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावा. पण कठड्यावर मात्र कधीही ठेवू नये. पंधरा लिटरचा डबा ओल्या मातीने भरला की पंचवीस किलोच्या आसपास भरतो. चौथ्या मजल्यावरून तो खाली पडला तर कोणाचा जीव जाईल. डबा जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवावा.

दीड महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळावे. एवढे खत पुष्कळ झाले. पानांच्या मागे पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात फडके बुडवून पुसून काढावा. फारच झाला तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावे. फुले येऊन गेली की झाडाचा वरचा तिसरा हिस्सा छाटावा. छाटताना हाताला जुन्या गोणपाटाचा तुकडा गुंडाळा. छाटलेले काटेरी फाटे कागदात बांधून मग कचऱ्यात टाका. आपला कचरा उचलणारा कामगार आपलाच कोणी भाऊ असतो, त्याच्या हाताला काटा लागू नये.

फुलांची घाई करू नका. पहिल्या उन्हाळ्यात तुरा येईलच असे नाही, दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत धीर धरावा.

आणखी एक. मारांडीच्या पाल्याचे घरगुती औषध खोकल्यावर आणि सांधेदुखीवर चालते असे जुनी माणसे सांगतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याचा काढा कोणाला देऊ नये, लहान मुलाला आणि गरोदर बाईला तर नाहीच. झाड पाहण्यासाठी लावा.

वंदनेला ही फुले वाहावीत का, असे कोणी विचारील. वाहायला हरकत नाही, कात्रीने अलगद कापून घ्यावीत. पण पुष्पपूजेचा अर्थ ध्यानात ठेवा. फूल जसे सुकते तसे आपले शरीरही, हे स्मरण राहावे म्हणून आपण फूल वाहतो. झाडावर सुकणारे फूलही तेच शिकवते. घरात दोनच तुरे आले असतील तर ते झाडावरच राहू द्या आणि मुलांना रोज पाहू द्या.

रायगड जिल्ह्यात राजपुरी खाडीजवळ कुडे येथे आपली बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत एका माळ्याच्या दानाची नोंद आहे. राजे-महाराजे आणि सावकार यांच्याबरोबर फुलझाडांवर पोट भरणाऱ्या एका माणसाचे नावही त्या दगडावर कोरले गेले. धम्मात कष्टकऱ्याच्या हाताला तेव्हाही मान होता. सहलीला जाल तेव्हा लेण्यांबरोबर खाली खाडीही पाहून या.

शेवटी पत्र लिहिणाऱ्या भगिनीला थोडे सांगायचे आहे. बाई, तुम्ही सासूबाईंसाठी झाड लावू पाहता, हे वाचून बरे वाटले. पण त्यांच्यासाठी लावू नका, त्यांच्याकडून लावून घ्या. फाटा कोणता घ्यावा, माती किती ओली असावी, हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना अधिक कळते. इतकी वर्षे त्या झाडाच्या सोबतीने त्यांनी काढली. वस्ती उठली तेव्हा सामान टेम्पोत भरले, रेशनकार्ड सांभाळले, भांडी मोजून घेतली. त्यांना जे ठाऊक होते ते मात्र तिथेच राहिले, कारण चौथ्या मजल्यावर ते कोणी विचारत नव्हते. म्हाताऱ्या माणसाला नुसती सोबत पुरत नाही, आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत असेही वाटावे लागते. रोज सकाळी मातीत बोट घालून पाहण्याचे काम त्यांच्याकडे द्या. नातवंडांना त्यांच्याजवळ बसवा आणि मिठाची गोष्ट त्यांनाच सांगू द्या.

आणि तुमच्या यजमानांना सांगा, यात विषाची परीक्षा काही नाही. परीक्षा असलीच तर आपल्या विचारांची आहे.

फाटे रुजले की पत्र टाका. किती लावले आणि किती जगले तेही लिहा. मेलेल्यांचा आकडा लपवू नका, इतर भगिनींना त्यातूनच शिकता येईल. ज्यांच्या घरी आधीपासून मारांडी आहे त्यांनीही आपला अनुभव कळवावा. पावसाळ्यात छाटणी कराल तेव्हा दोन फाटे शेजारणीसाठी बाजूला ठेवा.

जयभीम!